फेरीला दहा रुपये

धाकटीचा पहिला प्रश्न होता, "वाटेत टॉयलेट कुठंय?"

आम्ही तिच्या आजारासाठी नाशिकला एक वॉक करणार होतो, चालायचं आणि लोकांकडून पैसे गोळा करायचे. मी तिला फार उत्साहात सांगत होते की गंगापूर नाक्यावरून निघू, जेहान सर्कल, आनंदवल्ली करत सोमेश्वरला पोचू, दर्शन घेऊ, चहा पिऊ, फोटो पण छान येतील. ती सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "ताई, मला लागली ना की पाच मिनिटं पण थांबता येत नाही गं. आणि खाली बसायचं असलं तर मला उठता येत नाही, कमोडच लागतो." तिच्या आजाराला तेव्हा चार वर्षं होत आली होती, प्रत्येक एमआरआयला मी सोबत गेलेली, सगळी बिलं माझ्याकडे फाईलला लावलेली, आणि ही गोष्ट मला माहीतच नव्हती. ती लग्नकार्याला येत नाही, आली तर जेवायच्या आधीच निघते, आम्हाला वाटायचं थकत असेल. ती दुपारपासून पाणी प्यायचं बंद करून यायची.

तर तिथून सुरुवात झाली. सोमेश्वर रद्द.

जरा मागचं सांगते. २०१९ च्या दिवाळीत तिचा डावा डोळा दुखायला लागला, डोळा इकडून तिकडे फिरवला की आतून दुखायचं. समोरच्या गॅलरीत लाल आकाशकंदील लावलेला होता, ती एकेक डोळा मिटून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, उजव्याने लालभडक दिसतोय, डाव्याने धुऊन रंग गेल्यासारखा. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नंबर बदलून दिला. तीन-चार आठवड्यांत डोळा आपोआप सुधारला म्हणून आम्ही विसरून गेलो. मग फेब्रुवारीत पाय बधिर झाले, फरशीवर चालताना कापसावर चालतेय असं म्हणायची, आणि मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं. तेव्हा कुठे मेंदूचा न् मानेचा एमआरआय झाला, त्यात पांढरे ठिपके दिसले, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन चढवलं आणि ती घरी आली तोवर लॉकडाऊन लागलं. तेव्हा ती ३१ वर्षांची होती, शाळेत शिकवायची, पोरगा पहिलीत.

आईने त्याच दिवशी सांगून टाकलं, कुणाला काही बोलू नका. आईचं मन मला कळतं, तिला राग नव्हता, भीती होती. पण त्या एका वाक्यापायी चार वर्षं आम्ही "जरा अशक्तपणा आहे" एवढंच सांगत राहिलो. लोक बघायचे, बाई तर चांगली दिसतेय, गोरीगोमटी, केस व्यवस्थित, मग काम का सोडलं? एकदा बसमध्ये राखीव सीटवर बसली तर एका बाईने उठवलं. ही उठली, बोलली नाही काही. काय बोलणार, पायाला प्लास्टर थोडंच होतं.

वॉकची कल्पना माझ्या लेकीची. ती पुण्याला शिकते, तिने कुठंतरी बघितलं की अमेरिकेत 'वॉक एमएस' म्हणून शहराशहरात लोक चालतात आणि ओळखीपाळखीच्यांकडून पैसे गोळा करून आजारासाठी देतात. मला म्हणाली, मम्मी आपण नाशिकला करू ना. मी लगेच हो म्हटलं, पण खरं तर मला पैसे मागायचे म्हटलं की पोटात गोळा येतो, आमच्या घरात कुणाकडे उसनी साखर मागायची पण सवय नाही.

मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यामुळे माझी एकच अट होती, एक रुपया सुद्धा माझ्या किंवा मेहुण्यांच्या खात्यात यायचा नाही. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी हे आधी ठरवा, अगदी चालायच्या आधी. आपण कितीही सरळ असलो तरी आपल्या नावावर लोकांचे पैसे आले की उद्या हिशोबावरून बोलणं होतं, आणि ते बोलणं आजारी माणसाच्या कानावर जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करतेय, मुंबईला, पुण्याला त्यांच्या शाखा आहेत, म्हणून ठरवलं की ऑनलाईन देणाऱ्याने थेट संस्थेच्याच खात्यावर भरायचे. नोकरीवाले लोक पहिलं विचारतात ऐंशी-जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत, मिळेल का, तर त्यांना सांगायचं की पावतीसाठी पॅन नंबर द्या, रोख २००० च्या वर दिले तर सवलत बसत नाही, आणि नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर ऐंशी-जी चा काही उपयोग नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलं की नंतर फोन येत नाहीत. रोख येईल त्याच्यासाठी नंबर टाकलेलं पावतीपुस्तक छापून घेतलं, आणि कंपनीतल्या एका सरांना सांगितलं की दर शनिवारी तुम्ही मोजा, मी मोजणार नाही.

जागा शेवटी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक ठरली. तिथे गोल फिरता येतं, बसायला बाक आहेत, गाड्या नाहीत, आणि ज्याला जेवढं जमेल तेवढं चालून तो थांबू शकतो, अर्ध्या रस्त्यात अडकून पडत नाही. टॉयलेटचा प्रश्न माझ्या मैत्रिणीने सोडवला. ट्रॅकच्या जवळच एका अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर तिच्या ओळखीच्या काकू राहतात, त्यांना जाऊन खरं कारण सांगितलं. मला वाटलेलं त्या विचारात पडतील. त्या म्हणाल्या, "दार उघडंच ठेवते, बाथरूममध्ये धरायला दांडा पण आहे, आमच्या ह्यांच्या गुडघ्यांसाठी बसवलेला." मी बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि दोन मिनिटं मला चावीच लावता येईना.

तारीख ठरवताना लेकीचं म्हणणं होतं ३० मे ला करू, जागतिक एमएस दिवस असतो. धाकटी म्हणाली, मे मध्ये नाशिकला मी घराबाहेर पडणार नाही. या आजारात अंगाची उष्णता जराशी वाढली तरी लक्षणं वर येतात, डोळ्यापुढे धूसर होतं, पाय जड होतात, गार झालं की परत जागेवर. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरने १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय, व्यायाम केला की पेशंटला कमी दिसायला लागतं म्हणून. ही मे मध्ये मानेला ओला नॅपकिन गुंडाळून स्वयंपाक करते. गरम पाण्याने अंघोळ पण नाही. म्हणून मग जानेवारीतला शेवटचा रविवार, २८ जानेवारी २०२४.

आता पैसे.

पहिला मेसेज मी लिहिला आणि तो सपशेल फसला. मी सगळं नीट लिहिलेलं, आपलीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते, जगात २८ लाखांहून जास्त रुग्ण आहेत, बहुतेकांना विशी ते चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट, खाली खाते क्रमांक. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, माहेरच्या, सासरच्या, सगळीकडे टाकला. नमस्काराचे हात आले. खूप आले. पैसे तीन जणांनी दिले आणि त्यातली एक माझी जाऊ होती.

आणि फोनवर काय काय ऐकलं. एमएस म्हणजे डॉक्टरची डिग्री ना, तुमची बहीण सर्जन आहे का? एका नातेवाईकांनी स्क्लेरोसिसच्या जागी सिरॉसिस वाचलं आणि दबक्या आवाजात विचारलं, लिव्हर खराब झालं का हो, घ्यायची का ती? हे ऐकून मी फोन ठेवला आणि तासभर कुणाशी बोलले नाही. एक जण म्हणाले, हे सगळे मोबाईल आल्यापासूनचे आजार. अहो, शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलंय, तेव्हा आपल्याकडे विजेचा दिवा पण नव्हता. आजार जुना आहे, औषधं नवी आहेत, त्याच्यावरचं पहिलं खास औषध अमेरिकेत मंजूर झालं ते १९९३ ला. आजार मुळातून घालवणारं औषध अजूनही नाही, पुढचा झटका लांबवणारी, कमी करणारी औषधं आहेत आणि ती महाग आहेत, वर्षानुवर्षं घ्यायची असतात. पैसे कशाला लागतात ते यातच आलं ना, आणि नेमकं हेच मला लोकांपर्यंत पोचवता येत नव्हतं.

त्या आठवड्यात मामा आलेले, दिंडोरीकडे त्यांचा द्राक्षाचा बाग आहे. जेवताना मी त्यांना ते मज्जातंतू न् आवरण सगळं सांगायला लागले तर ते घास हातात धरून म्हणाले, "म्हणजे ठिबकची नळी, लॅटरल, उंदराने कुरतडल्यासारखं झालं ना हे. मोटर चालू, टाकी भरलेली, पाणी सुटलंय, पण मधेच गळतंय, शेवटच्या झाडाला पोचतच नाही. आणि कुठली नळी कधी कुरतडेल त्याचा नेम नाही." धाकटी समोरच बसलेली. तिने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "मामा, बरोब्बर असंच आहे." चार वर्षांत तिचा आजार तिच्यासमोर कुणीतरी पहिल्यांदा नीट बोललं होतं. आई वाढता वाढता थांबली, पण गप्प बसा म्हणाली नाही.

रात्री धाकटीचा फोन आला, "ताई मी बोलू का? मेसेज तू नको लिहूस." मी म्हटलं फोटो टाकायचा का तुझा, तर म्हणे फोटो नको, मी बिचारी दिसायला नको, आवाज चालेल. मग तिने दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग केलं. त्यात आकाशकंदील होता, बसमधली सीट होती, मामांची कुरतडलेली नळी होती. शेवटी तिने म्हटलं, मी २८ तारखेला काठी घेऊन तीन फेऱ्या चालणारे, ज्यांना वाटेल त्यांनी माझ्या किंवा कुणाच्याही फेरीला दहा रुपये लावा, पन्नास लावा, पाचशे लावा.

फेरी हा शब्द तिचाच आणि त्यानेच काम केलं. मी आधी स्पॉन्सर, प्लेज, टार्गेट असलं काय काय लिहीत होते. फेरी म्हटल्यावर नाशिकच्या माणसाला वेगळं सांगावंच लागत नाही, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अर्धं गाव ब्रह्मगिरीच्या फेरीला जातं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मला आता ब्रह्मगिरीची होत नाही गं, माझ्या नावाने हिच्या दोन लाव." आणि ५१ रुपये मोजून हातात दिले, एक रुपया वेगळा, नाणं. लेकीने लगेच कार्ड छापली, एका बाजूला चालणाऱ्याचं नाव, दुसऱ्या बाजूला फेरीला किती ते लिहायला वीस ओळी. शाळकरी पोरांनी ती कार्ड घेऊन कॉलनीत जो धुमाकूळ घातला, एका पोराने तर इस्त्रीवाले, वॉचमन, दूधवाले कुणाला सोडलं नाही.

पंधरा दिवसांत वातावरणच बदललं. मेनरोडच्या एका कापडाच्या दुकानदाराने रेकॉर्डिंग ऐकून विचारलं, माझ्या चुलत बहिणीला पण असंच काहीतरी आहे, तिला हे ऐकवू का? कंपनीत वाइंडिंगला काम करणाऱ्या मुलांनी मिळून ४,४०० दिले. एकाने केळी कबूल केली, मामांनी द्राक्षाच्या चार पेट्या. लोकांना वस्तू द्यायला जास्त आवडतं हे माझ्या लक्षात आलं, वारीतल्या माणसाला शिधा देतात तसं. आधी मी म्हणत होते की वस्तू नको पैसे द्या, नंतर सोडून दिलं, केळी येऊ देत, पाणी येऊ दे, तेवढाच आपला खर्च वाचतो आणि देणारा रविवारी स्वतः येतो.

वाईट अनुभव एकच आला पण तो लागला. एका मोठ्या माणसाने २५,००० कबूल केले, आम्ही वहीत लिहिले पण. मग दोन दिवसांनी त्यांचा माणूस आला, म्हणे साहेबांचा फोटो असलेलं बॅनर ट्रॅकच्या गेटवर पाहिजे आणि पेशंट बाईंना साहेबांच्या हस्ते शाल द्यायची, व्हीलचेअर असली तर बरं. माझी बहीण काठी घेऊन चालते, हो. मेहुणे एवढे शांत आहेत, त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. पैसे आले नाहीत. मी वहीत ती ओळ खोडली तेव्हा माझा हात थरथरत होता, कारण २५,००० मध्ये काय काय होतं ते मला रुपया-रुपयाने माहितीय. पण आजही मला वाटतं बरोबर केलं.

परवानगीसाठी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात गेले. तेव्हा नाशिकमध्ये कुणाला श्वास घ्यायला वेळ नव्हता, १२ तारखेला राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी पंतप्रधान येणार होते, रोड शो, काळाराम मंदिर, तपोवनात सभा. काउंटरवरच्या हवालदार दादांनी अर्ज हातात घेऊन विचारलं, किती लोकं, डीजे आहे का, रस्ता अडवणार का, भाषण कुणाचं. म्हटलं साठ-सत्तर लोक, डीजे नाही, रस्ता नाही, भाषण नाही. ते म्हणाले, मग परवानगी कशाला मागताय ताई, माहितीसाठी अर्ज देऊन ठेवा आणि शिक्का मारलेली कॉपी घेऊन जा. मग अर्ज वाचता वाचता थांबले, "हा आजार कशाने होतो?" मी नळीची गोष्ट सांगितली. मागे रांगेत चार माणसं उभी होती, सगळी ऐकत होती. आधी मी असं ठाण्यात उभं राहून बहिणीच्या आजाराबद्दल बोलू शकले असते असं मला वाटत नाही. पालिकेचं पत्र मात्र तीन खेपा घालून मिळालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२८ तारखेला थंडी कडक होती. आम्ही आधी साडेसहा ठरवलेलं, पण धाकटीच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं, उष्णता वाईट तशी कडक थंडीही तिला चालणार नाही, पाय आखडतात, थोडं ऊन येऊ द्या. म्हणून साडेसात. तरी ती रिक्षातून उतरली तेव्हा पाय लाकडासारखे झालेले, मेहुण्यांनी बाकावर बसवून दहा मिनिटं पिंढऱ्या चोळल्या. तिने स्वेटर, कानटोपी आणि नवीन बूट घातलेले, लाल रंगाचे. मुद्दाम लाल घेतले म्हणाली.

साठ-सत्तर लोक लिहून दिलेले आणि आले ९४. शाळेतल्या तिच्या जुन्या सहकारी बाई आल्या, ज्यांना चार वर्षं वाटत होतं की ही भांडून नोकरी सोडून गेली. सिन्नरहून एक जोडपं आलं, गाडी बायको चालवत होती आणि मागे नवरा, २८ वर्षांचा, बघून कुणाला वाटणार नाही काही आहे म्हणून. त्याला वर्षापूर्वी निदान झालेलं. रेकॉर्डिंग फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलं होतं. तो धाकटीजवळ आला आणि म्हणाला, मी आजपर्यंत हा आजार असलेलं दुसरं माणूस पाहिलं नाही. धाकटी म्हणाली, "मी पण नाही." मग दोघं बाकावर बसून काय बोलत होते तर, गरम जेवण जेवल्यावर तुम्हाला पण घाम फुटून पाय जातात का, रात्री किती वेळा उठता, शर्टाची बटणं लावताना बोटं कळतात का. आम्ही बाकीचे जरा लांब उभे राहिलो. त्याची बायको माझ्याजवळ उभी होती, ती हळूच म्हणाली, माझ्याशी हे असं नाही बोलत कधी.

पहिली फेरी धाकटीने बरी केली. मी डाव्या बाजूला, लेक उजव्या, मेहुणे मागे. पोरं धावत पुढे जायची आणि दुसरी फेरी पूर्ण करून मागून परत आम्हाला ओलांडायची, "मावशी माझी पाचवी!" दुसऱ्या फेरीच्या मध्यावर तिच्या डाव्या बुटाचा आवाज यायला लागला. आधी टप टप होतं ते टप खर्र, टप खर्र. पाऊल वर उचललं जात नाही, पुढचा भाग जमिनीला घासतो. मी खाली बघायचं टाळत होते, पण कानाला काय करणार. तिला पण कळत होतं. ती काकूंकडे एकदा जाऊन आली, येताना काकू स्वतः हात धरून ट्रॅकपर्यंत सोडायला आल्या आणि मग त्याही चालायला लागल्या, चपला घालून, पर्स पण नाही.

तिसरी फेरी सुरू केली तेव्हा लोकांना कळलं आणि ते कडेला थांबून टाळ्या वाजवायला लागले. धाकटी मला म्हणाली, "ताई, त्यांना सांग ना चालायला, थांबू नका." मी ओरडून सांगितलं. मग सगळे परत चालायला लागले, तिच्या आजूबाजूने, आपापल्या गप्पा मारत, आणि ती त्यांच्यात मिसळून गेली. मला त्या दिवसातला सगळ्यात जास्त आठवतो तो हा तुकडा. ती कुणीतरी खास नव्हती तेव्हा, ट्रॅकवर रविवारी सकाळी चालणाऱ्या बायकांमधली एक होती.

तिसरीच्या अर्ध्यावर बाक आला आणि ती बसली. "बस." मी म्हटलं थोडंच राहिलंय, पाच मिनिटं दम घे, हळूहळू करू, मी धरते. ती म्हणाली, "नाही. आज पूर्ण केली तर उद्या आणि परवा मी झोपून राहणार. उद्या पोराचा डबा मला करायचाय." एवढं सरळ. मी चार वर्षं तिला सांगत आले की थोडा जोर लाव, मनाने घे. त्या बाकावर मला कळलं की ती रोज मोजून खर्च करते, मी पैशाचा हिशोब ठेवते त्याच्यापेक्षा काटेकोर, आणि तिच्याकडे जमा कमी आहे. मी शेजारी बसले. द्राक्षं खाल्ली दोघींनी.

नऊला सगळं संपलं, केळ्यांच्या साली, कप उचलून ट्रॅक झाडून दिला.

पैसे गोळा व्हायला मात्र अजून तीन आठवडे गेले. ही गोष्ट कुणी सांगत नाही, चालून झाल्यावर खरं काम सुरू होतं. कार्डावर नावं आहेत पण पैसे आणायचेत, कुणी गावाला गेलंय, कुणी म्हणतं पोरगा बारा फेऱ्या मारेल असं वाटलं नव्हतं, थोडे कमी चालतील का. चालतील म्हटलं. आणि एक चूक माझी स्वतःची, ऑनलाईन भरणाऱ्यांना मी सांगायला विसरले की शेऱ्यात नाशिक वॉक लिहा, त्यामुळे कुठले पैसे आपल्यामुळे गेले हे जुळवायला एकेकाकडून स्क्रीनशॉट मागवत बसावं लागलं. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. कबूल केलेल्यातले, ते २५,००० सोडून, आणखी सहा हजार आले नाहीत, त्यांच्या मागे मी दोनदाच लागले, तिसऱ्यांदा नाही.

शेवटी ऑनलाईन १,४२,३०० आणि रोख ४६,८६०. रोखीचा डीडी काढून संस्थेला पाठवला. एकूण १,८९,१६०. आम्ही धरलेले दीड लाख. छपाई, पाण्याचे जार, डीडीचा खर्च धरून ५,२०० झाले, ते घरातल्या घरात वाटून घेतले, जमा रकमेला हात लावला नाही. सगळा हिशोब एका पानावर लिहून ज्या ज्या ग्रुपवर मागितले होते त्या त्या ग्रुपवर टाकला, पावतीपुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या नंबरसकट. आईने ते पान तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर स्वतः पाठवलं आणि खाली टाईप केलं, ही माझी धाकटी मुलगी. एवढंच. मला लेकीने स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा कळलं.

धाकटी आता कागद घेऊन बसलीय. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तिला आधीच प्रमाणपत्र काढता आलं असतं, पण कुणाला सांगायचं नाही म्हणून आम्ही अर्जच केला नव्हता. सिन्नरच्या त्या मुलाने आधी केला, त्याने तिला कुठले रिपोर्ट लागतात ते सांगितलं.

सगळ्यात शेवटी भाजीवाल्या मावशींकडे गेले, आमच्या कोपऱ्यावर बसतात. त्यांनी धाकटीच्या कार्डावर फेरीला दहा लिहायला लावलेले, मला लाज वाटत होती मागायला, पण त्यांनीच हाक मारली, "ओ ताई, माझे राहिले ना. किती झाल्या तिच्या?" म्हटलं अडीच. त्यांनी गोणपाटाखालच्या डब्यातून दहाच्या तीन नोटा काढल्या. मी म्हटलं मावशी पंचवीस होतात, आणि पाच रुपये परत द्यायला पर्स उघडली.

"अर्धी कुठं मोजत्यात का," त्या म्हणाल्या, "तीन धर."

मी पावती तीसची फाडली.